चौघांसाठी बाजूला ठेवलेली खोली

माझ्या सासऱ्यांना 'नाही' म्हणता येत नाही. हा स्वभावदोष नसून धंद्याचा संस्कार आहे, असं त्यांचं म्हणणं. मी दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे मला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. कीड कुठूनही लागो, दाढ जायची ती जातेच.

भरचौकात, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांचं तीन मजली कापडाचं दुकान होतं. लोखंडी खांब, रुंद लाकडी जिना, त्याला पितळी कठडा, रस्त्याकडे तोंड केलेल्या मोठाल्या काचा आणि आत भिंतभर ताग्यांची फडताळं. एवढ्या पसाऱ्यात कायदा एकच होता. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पायरी उतरता कामा नये. कुणी काहीही मागितलं की सासरे म्हणत, "आहे!" मोरपंखी, पण मोरापेक्षा जरा फिकं? आहे. सुतीच हवं, पण चुरगळायला नको? आहे. नसलंच, तर गिऱ्हाइकाला चहा पाजून बोलण्यात गुंतवायचं आणि मागच्या दारानं माणूस समोरच्या दुकानात पिटाळायचा. समोरचा दुकानदार त्यांचा हाडवैरी, पण माल गुपचूप द्यायचा, कारण त्याचीही नड कधीतरी इथूनच भागायची. बाजारात सासऱ्यांना सगळे 'आहेशेठ' म्हणत, आणि त्यांना ती पदवी वाटे.

त्यांचा दुसरा कायदा 'बाजूला ठेवण्या'चा. एखादी बाई ताग्यापुढे घुटमळून "घरी विचारून येते" म्हणाली, की सासरे तो तागा तिच्या देखत कपाटात टाकत. "तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. निर्धास्त जा." बाई पायऱ्या उतरली की तागा पुन्हा फडताळात, आणि दुपारी तोच दुसरीसाठी बाजूला.

"अहो, चौघींना सांगितलं तर तिघी परत येत नाहीत," ते मला समजावत. "पण चौघींनाही वाटतं, आपली कदर करणारं जगात एक दुकान आहे."

कापडाच्या बाबतीत हे गणित कधी चुकलं नाही. चुकलं ते जगाचं. लोक तयार कपडे घ्यायला लागले, तागे उलगडून बघणारी पिढी थकली, आणि एक दिवस आहेशेठकडे सगळं होतं, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. दुकान बंद झालं. इमारत पाडून तिथे काचेचा डबा उभा करायला एक बिल्डर टपलेलाच होता. तेव्हा माझी बायको मध्ये पडली. ती आर्किटेक्ट. बापाची एकुलती एक, आणि हट्टात बापाच्या वरचढ. तिनं ठरवलं, इमारत पाडायची नाही. खालच्या दोन मजल्यांवर ऑफिसं, वरच्या मजल्यावर कलाकारांना काम करायला खोल्या. ऑफिसांनी इमारत जगवायची आणि कलाकारांनी तिला जिवंत ठेवायचं, असं ती म्हणे. वाक्य छान होतं. नकाशेही छान होते.

सासऱ्यांनी सही करताना एकच अट घातली. तळमजला आणि पहिला मजला यांच्या मध्ये, लोखंडी खांबांवर टांगल्यासारखी एक काचेची केबिन होती. तिथे बसून त्यांनी सगळं आयुष्य दुकानावर नजर ठेवली होती. ती केबिन त्यांची राहील, ते रोज येऊन तिथे बसतील.

"आहेच ती तुमची!" बायको म्हणाली. तिच्या आवाजात बापाची लकब आहे, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण नवरा म्हणून मी तसा मंदच.

काम सुरू झालं तसे सासरे घरी बसले. घर म्हणजे आमचं, आणि बसले म्हणजे खालीच असलेल्या माझ्या दवाखान्यात. येणारा पेशंट त्यांना गिऱ्हाईक वाटे. कुणी गाल धरून विचारलं, "फार दुखेल का हो?" तर हे म्हणत, "छे! कळणारसुद्धा नाही." अक्कलदाढ काढायला आलेल्या एका गृहस्थांनी त्या भरवशावर भुलीचं इंजेक्शन नाकारलं. पुढचं मी सांगत नाही. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, या घरात एक तर मी राहीन, नाहीतर तुझे वडील. ती विचारात पडली. तिला विचार करावा लागला, हे मला अजून बोचतं.

शेवटी तिनं त्यांना काम दिलं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या बघायला कलाकार येतील, त्यांना त्या दाखवायच्या. फक्त दाखवायच्या. "नाव विचारायचं, 'मुलीशी बोलतो' म्हणायचं आणि गप्प बसायचं. कबूल?"

"कबूल," सासरे लगेच म्हणाले.

ते पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून सकाळी बाहेर पडायला लागले. दुकानात जाऊन लेकीच्या कामावर नाराज व्हायचं, हेही त्यांना मानवलं. तिनं भिंतींचा गिलावा खरवडून आतली वीट उघडी केली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. "आम्ही जन्मभर वीट झाकली. अब्रू होती ती. हिनं ती उघडी पाडली, आणि वर दिवे सोडून लोकांना दाखवतेय!" कापड मोजायचं लांबलचक काउंटर कापून तिनं मीटिंगचं टेबल केलं. त्यावर पितळी मोजपट्टी तशीच ठेवली. सासरे त्यावरून हात फिरवत म्हणाले, "इथे बसून आता काय मोजणार? एकमेकांची लांबी?"

खालचे दोन्ही मजले एका कंपनीनं घेतले. लोकांना झोप लागावी म्हणून मोबाइलवर लाटांचे आणि पंख्याचे आवाज ऐकवायचे, हा त्यांचा धंदा. सासऱ्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "झोप विकतात? आमच्याकडे गिऱ्हाइकाबरोबर आलेले नवरे बाकावर फुकट झोपायचे."

वरच्या मजल्यावर खोल्या बऱ्याच होत्या, पण सगळ्यांचा जीव जडायचा तो कोपऱ्यातल्या खोलीवर. तिला उत्तरेकडे भलीमोठी खिडकी. ऊन आत येत नाही, पण उजेड दिवसभर एकसारखा, शांत. पूर्वी तिथे रंग पारखत. दिव्याखाली निळी दिसणारी छटा तिथे नेली की खरी काय ती कळायची. चित्र काढणाऱ्या माणसाला अशी खोली म्हणजे काय, हे मला बायकोनं सांगितलं. मला फक्त एवढंच वाटलं की इथे दातांचा रंग जुळवायला किती बरं पडेल.

एका रविवारी खोल्यांचा ताबा द्यायचा होता. दवाखाना बंद, म्हणून मीही गेलो. आधी आली चित्रकार बाई. कोरडी ठणठणीत, बोटांना रंग, पाठीवर गुंडाळलेला कॅनव्हास. "कोपऱ्यातली खोली माझी," ती म्हणाली. बायको हसून वहीत टिपणार, तेवढ्यात मागून कुंभारकाम करणारी मुलगी मातीची पोती घेऊन आली आणि म्हणाली, "उत्तरेची ना? ती माझी." तिच्या मागे बाहुल्या नाचवणारा एक हडकुळा गृहस्थ. त्याच्या खांद्यावर लाकडी राजाराणी लोंबत होते. त्यालाही तीच खोली. शेवटी जिन्यावरून धापा टाकत एक आडदांड शिल्पकार उगवला. पोटाशी दगड धरलेला. त्यानं तो लाकडी फरशीवर आदळला आणि सगळी इमारत एकदा हुंकारली.

"कोपऱ्यातली," तो म्हणाला. "शेठनी बाजूला ठेवलीय."

बायकोनं मान वळवून वडिलांकडे पाहिलं. मी ती मान ओळखतो. मी दोन पावलं मागे सरकलो.

"बाबा, खोली एक आहे."

"माहीत आहे. मीच तर दाखवली."

"मग चौघांना कशी दिली?"

"दिली कुठे? बाजूला ठेवली," सासरे म्हणाले, आणि मग हळूच, तिलाच ऐकू जाईल असं वाटून, "तिघं परत येत नाहीत गं!"

चौघांनीही ते ऐकलं. कलाकार म्हणजे कापडाचं गिऱ्हाईक नव्हे, हे सासऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कापड घेणाऱ्या बाईला हे दुकान नाही तर पुढचं. या लोकांना आधी कुणी धड दारात उभं करत नाही. उजेड असलेली खोली कुणी ठेवलीय म्हटल्यावर ते उंबरठ्यावर येऊन मरतील, पण परत जाणार नाहीत. चौघं एकदम बोलायला लागले. शिल्पकार म्हणाला, मी घर सोडून आलोय. कुंभारीण म्हणाली, माझी भट्टी टेम्पोत आहे. बाहुलीवाल्याच्या राजाची मान खाली गेली.

बायकोचा आवाज चढला. "तुम्हाला एक काम सांगितलं होतं, एक! नाव विचारा आणि गप्प बसा. हे तुमचं दुकान नाही राहिलं, बाबा. उद्यापासून तुम्ही येऊ नका. केबिनचंही काय करायचं ते मी बघते."

सासऱ्यांनी सदऱ्याची बाही उगाच सरळ केली. त्यांनी घरातून जावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस मी, पण त्या क्षणी मी त्यांच्याच बाजूचा झालो. ती केबिन गेली तर या माणसाला सकाळी उठायचं कारण उरणार नाही, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणार. रागात आहे म्हणून बघत नव्हती, इतकंच.

आणि त्याच वेळी खालून झोपेच्या कंपनीचा मालक वर आला. गुळगुळीत दाढी, पायात मोज्यांशिवाय बूट. बरोबर गालिचेवाला, आणि त्याच्या हातात टेप.

"या, या, चालू दे तुमचं," तो म्हणाला. "आम्ही फक्त माप घेऊन जातो. या मजल्याचं."

"या मजल्याचं?" मी विचारलं, कारण बायकोनं एकाएकी वहीत डोकं घातलं होतं.

"हो. माझं ऑफिस इथे येणार ना. मॅडमना मी मागेच विचारलं होतं, वरचा मजलाही मिळेल का. त्या म्हणाल्या, आहे की, तुमच्यासाठी बाजूला ठेवते."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं फरशीकडे पाहिलं. खाण तशी माती म्हणतात ते काही उगाच नाही.

"मला वाटलं, विसरतील," ती पुटपुटली. "मोठी माणसं सतरा गोष्टी मागतात."

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडत होता. दर उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर जाणार होतो, माझ्या आईला तिच्या खोलीत मोठी खिडकी करून मिळणार होती, मला मांजर पाळायला मिळणार होतं. कधी 'नाही' ऐकल्याचं आठवत नाही. सगळं बाजूला ठेवलेलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

पण ही हसण्याची वेळ नव्हती. कंपनी रुसून गेली तर दोन मजले रिकामे पडणार आणि तो बिल्डर दारात उभाच होता. कंपनीला मजला दिला तर चार माणसं, एक भट्टी, एक दगड आणि राजाराणी रस्त्यावर. तिनं एवढे महिने ज्यासाठी धूळ खाल्ली, ते दोन्हीकडून तिच्याच शब्दानं मोडत होतं. ती तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला आवडत नाही. तिलाही आवडत नाही, म्हणून तिनं खिडकीकडे तोंड केलं.

सासऱ्यांना आता टोमणा मारता आला असता. मी असतो तर संधी सोडली नसती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग मालकाकडे, मग त्या चौघांकडे, आणि माझ्यावर खेकसले, "डॉक्टर, गिऱ्हाईक उभं काय आहे? स्टुलं आणा. चहाचं बघा."

मी, एवढा शिकलेला माणूस, मागच्या दारानं चहा आणायला पळालो.

परत आलो तोवर खेळ रंगात आला होता. सासऱ्यांनी शिल्पकाराला खिडकीपाशी नेऊन खालचं मागचं अंगण दाखवलं होतं, जिथे पूर्वी मालाच्या गाठी उतरवत. "दगड जिन्यानं चढवणार? कंबर मोडेल तुमची. तिथे शेड आहे, मोकळं आकाश आहे. ठोका, धूळ करा, शिव्या द्या, कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही. उत्तरेची खोली काय, नाजूक लोकांसाठी असते." आडदांड माणसाला नाजूक म्हणवून घेणं परवडेना. तो दगड उचलून चालू लागला.

कुंभारणीला त्यांनी इस्त्रीची जुनी खोली दिली. तिथे नळ होता, मोरी होती, फरशीही दगडी होती. "कोपऱ्यातली त्या चित्रवाल्या बाईंना देतोय, काय करणार, पाण्याची सोय नाही तिथे. बिचाऱ्या ब्रश कुठे धुतील?" कुंभारणीला बाईंची खरोखर दया आली. बाहुलीवाल्याला त्यांनी कपडे घालून बघायची खोली उघडून दिली. तिन्ही बाजूंना छतापर्यंत आरसे. त्यानं दोऱ्या हलवल्या, तसे तिन्ही आरशांतून राजे नाचायला लागले. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या राजाला समोरून नाचताना पाहिलं असावं. तो स्टुलावर बसला आणि मग उठलाच नाही.

आणि चित्रकार बाईला ते म्हणाले, "तिघांचं मन मोडून तुम्हाला देतोय. कुणाला सांगू नका." ती कोरडी बाई लाजली हो!

राहिला कंपनीचा मालक. गालिचेवाला भिंतीला टेप लावून उभा होता.

"साहेब," सासरे म्हणाले, "इथे वर कशाला?"

"मालकानं सगळ्यांच्या वर बसावं," तो हसत म्हणाला, पण ते त्याच्या मनातलंच होतं.

"बरोबर. पण इथे तुम्हाला बघणार कोण? माणसं खाली काम करणार, तुम्ही इथे एकटे. अंगावर भरजरी घालून अंधारात बसल्यासारखं. चला, तुम्हाला एक जागा दाखवतो. दाखवतो फक्त."

ते त्याला घेऊन खाली गेले. मागोमाग आम्ही. केबिनचं दार त्यांनी स्वतः उघडलं, आपल्या खुर्चीवरची धूळ स्वतःच्या रुमालानं झटकली आणि त्याला बसवलं. चारी बाजूंना काच. खालचा सगळा मजला दिसतो, वरचा जिना दिसतो, आणि दोन्हीकडून मधोमध टांगलेला माणूस दिसतो. मालकानं खुर्ची एकदा गोल फिरवली. मग उलटी फिरवली. खाली सामान लावणाऱ्या त्याच्या माणसांपैकी एकानं मान वर करून पाहिलं आणि घाईघाईनं ताठ उभा राहिला. मालकाच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी पेशंटच्या चेहऱ्यावर दाढ निघाल्यावर पाहतो.

"ही देता येईल?" त्यानं विचारलं.

"ही तर कुणालाच दाखवत नाही आम्ही," सासरे म्हणाले. "पण तुम्हाला शोभतेय."

गालिचेवाल्यानं केबिनचं माप घेतलं. सासरे टेबलाच्या खणातून चष्म्याचं घर, दाढदुखीचं तेल, जे मी दिलेलं नव्हतं, आणि एक कात्री काढत होते. पाठीला लावायची चपटी उशी त्यांनी मालकाच्या मागून हळूच ओढून घेतली. मालकाला कळलंही नाही.

ते जिन्याच्या पायथ्याशी आले, उशी काखेत धरून. बायको तिथेच उभी होती.

"बाबा, ती तुमची केबिन होती."

"होती ना. चांगली होती, म्हणून तर खपली."

"मी मघाशी तुम्हाला..."

"तू मालक आहेस. मालकानं बोलायचं असतं. मी काय माझ्या माणसांना कमी बोललोय?" त्यांनी चष्म्याचं घर खिशात घातलं. "मी निघतो. डॉक्टर येतील सावकाश."

ते खरंच दाराकडे निघाले. आहेशेठ रिकाम्या हातानं, म्हणजे उशी घेऊन, स्वतःच्याच दुकानाची पायरी उतरायला निघाले होते, आणि ते मला बघवेना. मी काहीतरी विनोद करणार होतो. सुचला नाही.

दाराशीच बायकोचं कामाचं टेबल होतं. नकाशे, विटेचा तुकडा, अर्धवट चहा, आणि एक खुर्ची. तिनं वडिलांच्या काखेतली उशी ओढून घेतली आणि त्या खुर्चीवर ठेवली.

"बसा."

"आणि तू?"

"मी उभी राहीन. तसंही मला बसायला कुठे वेळ असतो?" ती म्हणाली, आणि मग नाक पुसत, तिच्या नेहमीच्या आवाजात, "पण इथून पुढे कुणासाठी काही बाजूला ठेवायचं असेल, तर आधी मला विचारायचं."

सासरे खुर्चीवर बसले. उशी सारखी केली. दारातून आत येणारा माणूस इथून नीट दिसतो की नाही, हे मान वाकडी करून पाहिलं.

"तूसुद्धा मला विचारायचंस," ते म्हणाले.

बायकोनं नकाशे उचलून पुन्हा खाली ठेवले, विटेचा तुकडा इकडचा तिकडे केला. मग "हो" म्हणाली. या घराण्यातल्या 'हो'ची किंमत मला त्या दिवशी पुरती कळली होती. पण ते 'हो' खरं होतं, कारण म्हणायला तिला फार वेळ लागला.